धूम खंय आसा?

…नाही, तुम्ही हसा, खुशाल हसा! तुमच्या घरात वूफर नाही म्हणून तुम्हाला हसू येतंय. एकदा या आमच्याकडे जामसंड्याला, बाहेरच्या खोलीत पाच मिनिटं बसा आणि मग मला सांगा, हसायचं की रडायचं ते. तीन आठवडे! तीन आठवडे मी त्या खोक्यापुढे पालथा पडलोय. तिकडे कलमांना मोहोर आलाय, फवारणी खोळंबलीय, मोहोरावर तुडतुडे गरबा खेळतायत, आणि बागेचा मालक काय करतोय? तर चटईवर पोटावर झोपून खोक्याच्या भोकात बॅटरी मारून बघतोय, की आवाज नेमका अडकलाय कुठे! बायको डोक्यावर उभी राहून विचारते, "काय गावला?" काय गावणार? धूळ, आणि एक झुरळ. तेही मला बघून दचकलं.

आता मला गाण्यातलं काय कळतं? तुम्हाला सांगतो, काहीही कळत नाही. माझा धंदा आंब्याचा. माझ्या कानाला दोनच आवाज कळतात, फवारणीच्या पंपाचा आणि व्यापाऱ्याच्या फोनचा. हा सगळा उपद्व्याप दाजींसाठी. दाजी म्हणजे माझे वडील, वय वर्षं ऐंशी. आमच्या भागात भजनातला पखवाज म्हटला की दाजी. पन्नास वर्षं वाजवला. आणि डबलबारी तुम्हाला ठाऊक असेलच… नाही? घाटावरचे दिसता. सांगतो. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, ह्यांच्या बुवानं त्यांच्या बुवाला गाण्यातून चिमटा काढायचा, त्यानं उलट काढायचा, आणि हे पहाटेपर्यंत. पण बुवा परवडले! बुवा निदान देवाचं नाव तरी घेतात. खरी खुन्नस असते ती दोन पखवाजवाल्यांत.

तर चाळीस वर्षांपूर्वी कुणकेश्वराच्या जत्रेत अशीच एक डबलबारी झाली. इकडून आमचे दाजी, तिकडून तारकर्लीचा बाबली. पहाटेपर्यंत दोन्ही बुवांचे गळे असे बसले की तोंडातून नुसता वारा यायला लागला, आणि मग शेवटची अकरा मिनिटं, गाणं नाही, टाळ नाही, नुसता पखवाज. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल? बारशात ऐकली, लग्नात ऐकली, लोकांच्या बाराव्याला ऐकली! दाजी मांडीवर थाप मारून सांगणार, "बाबलीन हात टेकल्यान! कपाळाक हात लावन बसलो, बापडो! शेवटाची अकरा मिन्टां मी एकलो वाजयलंय. एकलो!" समोर ज्याचं बारावं आहे त्याचा मुलगासुद्धा रडायचं थांबून ऐकणार.

असा हा माणूस, आणि दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुटला. चहाचा कप बशीत वाजायला लागला. त्या दिवशी त्यांनी पखवाज खुंटीला टांगला, वर जुनी चादर बांधली, आणि पुन्हा त्या खुंटीकडे बघितलं नाही. घरातून जाताना तेवढ्या भिंतीकडे पाठ करून जायचे. आम्हीही विषय काढला नाही… काय काढणार?

आणि एक दिवस दुपारी, मी पानावर बसलोय, बांगड्याचा काटा काढतोय, तर दाजी म्हणतात, "गुरू, जावच्या आदी माका माझो पखवाज एकदा आयकूचो आसा." मी म्हटलं, दाजींनू, असा कित्याक बोलतात? तर म्हणतात, "आयुष्यभर मी तो मागच्यान आयकलंय रे. फुडच्यान कसो आयकाक येता, लोकांनी काय आयकल्यानी, ता माका म्हायतच नाय."

तुम्हाला सांगतो, बांगडा तसाच पानात ठेवला. हा माणूस आमटीत मीठ नसलं तरी मीठ मागत नाही! आयुष्यात काही मागितलं नाही. आणि मागितलं ते हे. मी त्याच क्षणी ठरवलं, की वाटेल ते होवो, दाजींना त्यांचा पखवाज ऐकवायचा.

कॅसेट होती. त्या रात्री कुणा चाकरमान्यानं मुंबईहून आणलेल्या टेपवर ती शेवटची अकरा मिनिटं धरून ठेवली होती, आणि आमच्या आईनं ती कॅसेट दमट हवा लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. चाळीस वर्षं! डब्यातला तांदूळ बदलला, डबा बदलला, कॅसेट तीच, एकदाही न वाजवलेली. पण वाजवायची कशावर? आमचा टेपरेकॉर्डर समुद्राच्या खाऱ्या हवेनं केव्हाच खाल्लेला. म्हणून ती डोंबिवलीला माझ्या पुतण्याकडे, कौस्तुभकडे पाठवली, त्यानं ती कसल्या कसल्या यंत्रातून काढून पेनड्राइव्हवर घालून दिली. एवढासा पेनड्राइव्ह! अख्खा कुणकेश्वर करंगळीएवढ्या तुकड्यात. आता राहिला फक्त चांगला स्टिरिओ. फक्त!

मी गेलो दुकानात. दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. तिथला तो विक्रेता, केसांना इतकं काहीतरी लावलेलं की माशी बसली तर घसरेल, मला म्हणतो, "काका, बेस पाहिजे ना? हा घ्या. ह्याला पंच आहे." मी म्हटलं, मला पंच नको नि सरपंच नको, मला पखवाज ऐकायचाय. "ऐका तर, काका!" म्हणाला आणि त्यानं कसलंसं लग्नाच्या वरातीतलं लावलं… अहो, माझा गंजीफ्रॉक हलला! खिशातला चष्मा हलला! शेजारच्या दुकानातला माणूस शटर ओढायला लागला. मी म्हटलं, बांधा. दोन उभे स्पीकर आणि एक हे खोकं, वूफर, वजन म्हणाल तर खताच्या गोणीएवढं.

घरी आणलं, जोडलं, दाजींना आरामखुर्चीत बसवलं. दाजींचे कान तसे विचित्र झालेत. रुक्मिणी, म्हणजे आमची मंडळी, कानाशी ओरडली तरी ऐकू येत नाही, आणि लांब तिठ्यावर ट्रक वळला तर म्हणतात, "चिऱ्याचो ट्रक इलो." बारीक आवाज गेला, जाडा शिल्लक आहे. तर पेनड्राइव्ह घातला, बटण दाबलं… टक टिक टक टिक, टकटक टिकटिक… कुणीतरी वाटाणे पत्र्यावर टाकतंय! अकरा मिनिटं वाटाणे! दाजी कानामागे हात धरून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"सगळा आसा रे. पण धूम खंय आसा?"

धूम म्हणजे, तुम्हाला सांगतो, पखवाजाच्या डाव्या बाजूचा आवाज. उजवी बाजू बोलते, डावी घुमते. ती घुमली की ऐकणाऱ्याच्या पोटात घुमते. ती नसेल तर पखवाज आणि बिस्किटाचा डबा यांत फरक नाही. आणि ती नव्हती. दुकानात माझा गंजीफ्रॉक हलवणारं ते खोकं घरी आल्यावर सासरी आलेल्या नव्या सुनेसारखं गप्प!

मग सुरू झालं. अजय आला. अजय आमचा शेजारी, वायरमन, गावात कुणाच्याही घरी काहीही बंद पडलं की हा बोलावल्याशिवाय येतो. म्हणाला, "खोको कोपऱ्यात ठेव. कोपऱ्यात आवाज दुप्पट होता." कोपऱ्यात होती रुक्मिणीची शोकेस. ती हलवली, म्हणजे मी आणि अजयनं हलवली, आणि रुक्मिणीनं "आडवी… उभी… माझी बरणी!" एवढं केलं. खोकं कोपऱ्यात. लावलं. आणि खरंच आवाज वाढला की! पण कुणाचा? शोकेसमधल्या कपबश्यांचा! खळखळखळ… त्यांच्या मध्ये कागद घातले, तर दाराची कडी वाजायला लागली. कडीला फडकं बांधलं, तर ट्यूबची पट्टी. ट्यूबला पाचर मारली, तर भिंतीवरचे आमचे आजोबा! फोटो भिंतीवर असा टकाटका हलतोय, म्हणजे आजोबा वरून मान हलवतायत, 'नाय रे बाबा, नाय जमणा.' आजोबांच्या मागे रुमाल घातला. घरातली प्रत्येक वस्तू गप्प केली मी त्या दिवशी, रुक्मिणी सोडून. आणि मग दाजी म्हणाले,

"सगळा आसा. धूम खंय आसा?"

कौस्तुभला फोन लावला. तो डोंबिवलीहून, मागे गाड्यांचे हॉर्न, "काका, तुझ्या रूमचा प्रॉब्लेम आहे! चिऱ्याच्या भिंती आहेत ना, आवाज उड्या मारतो! भिंतींवर काहीतरी मऊ लाव." आता मऊ काय लावणार? गाद्या! घरातल्या सगळ्या गाद्या, चार गाद्या आणि पाहुण्यांच्या दोन, अशा दोरीनं भिंतींना टांगल्या. खिडकीवर पण एक. आत काळोख. तेवढ्यात काशीबाई आली, पलीकडच्या घरातली, हिला आमच्या घरात काय शिजतं ते आमच्या आधी कळतं. दारातून डोकावली, गाद्या बघितल्या, खिडकी बंद बघितली, आणि रुक्मिणीला हळूच विचारते, "गो, कोण बाळंत झाला?" रुक्मिणीचं वय एकावन्न! घरात दुसरी बाई नाही! आणि ही तिच्या पोटाकडे बघतेय! रुक्मिणीनं तेव्हापासून माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, आणि आम्ही दोन दिवस चटईवर झोपलो, कारण गाद्या भिंतीवर. दाजींनी गाद्यांत बसून अकरा मिनिटं ऐकलं. काय म्हणाले? तुम्हीच सांगा काय म्हणाले! हां. खंय आसा.

मग, माझ्या डोक्यात… आता हे मी सांगायला नको, पण सांगतो. आंब्याच्या पेटीत आपण गवत का घालतो? फळाला धक्का लागू नये म्हणून. कौस्तुभनंच सांगितलं होतं की चांगल्या स्पीकरच्या खोक्यात कापूस भरलेला असतो. मी म्हटलं, कापूस कशाला, माझ्याकडे गवत आहे! उघडलं खोकं. आणि माणसाचा हात शेवटी सवयीनं चालतो हो… मी ते असं भरलं, जसा मुंबईला जाणारा हापूस भरतात, घट्ट, दाबून, कोपरे न सोडता. स्क्रू लावले. बटण दाबलं. शांतता! हुंकार नाही की चुंकार नाही. खोक्याचा जीवच गुदमरला! अजय म्हणाला, "आता हेका आढी लावन ठेव, धा दिवसांनी पिकात." आणि हसत हसत माझ्या ओट्यावरून खाली पडला. मला बरं वाटलं.

पण पडून उठला तो कामाचं बोलला, हे मात्र कबूल करायला हवं. आत येऊन स्पीकरांच्या मागे वाकून म्हणतो, "गुरू, ह्या वायरी कोणी जोडल्यान?" मी म्हटलं, मी. "एका स्पीकराक तांबडी तांबडेत, नि दुसऱ्याक तांबडी काळेत?" मी म्हटलं, मग काय झालं, दोन्हीतून आवाज येतोय ना? तर म्हणतो, "येतलो. पण एक फुडे ढकलता तेवा दुसरो मागे ओढता. जाडो आवाज मदीच मरता." म्हणजे आम्हा नवरा-बायकोसारखं! वायर बदलली, गवत काढलं, आणि खरंच… वाटाण्यांचे लिंबू झाले. जरा गोलाई आली, जरा वजन आलं. मी आनंदानं दाजींकडे बघितलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझी दया आली असणार, कारण ह्या वेळी त्यांनी जरा थांबून, मला वाईट वाटू नये अशा बेतानं विचारलं,

"बरा झाला रे. पण… धूम?"

मी उठलो आणि सरळ बागेत गेलो. पंप पाठीला लावला आणि तुडतुड्यांवर सगळा राग काढला. दुपारी बाराला घरी आलो, पाय धुतले, ओट्यावर चढलो, बघतो तर काय…

दाजी जमिनीवर मांडी घालून बसलेत. वूफरची पुढची जाळी काढून बाजूला ठेवलीय. शेजारी रुक्मिणी पाण्याचं फुलपात्र धरून उभी. आणि दाजींच्या हातात कणीक! ओली, मळलेली, चपातीची कणीक! आणि ते ती कणीक माझ्या नव्याकोऱ्या वूफरच्या काळ्या पडद्याला, बरोब्बर मधोमध, अंगठ्यानं दाबून लावतायत!

मी ओरडलो! काय ओरडलो ते सांगत नाही, वडील आहेत. पण सारांश असा, की दाजींनू, ही इलेक्ट्रॉनिक वस्तू आसा, हिका गॅरंटी आसा, हिका कणीक काय लावतात! दाजींनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "पन्नास वर्सा पखवाजाच्या डाव्या अंगाक कणीक लायतंय मी. कणीक लायल्याशिवाय डावो अंग बोलता? आठवडोभर तू ह्याका गवत चारलंस, गादये पांघरलंस, नि कणीक कोणी लायली?" आणि रुक्मिणी म्हणते, "बरोबर बोलतत ते. मीच मळून दिलंय."

आणि मग मला दिसलं. दाजींचा हात थरथरत नव्हता. दोन वर्षं ज्या हातात चहाचा कप नाचत होता तो हात कणकेवर असा फिरत होता, थोडं पाणी, थोडा दाब, बोटानं एक टिचकी, कान जवळ, परत चिमूटभर कणीक काढ, परत टिचकी… मी तिथंच खाली बसलो. गॅरंटी गेली खड्ड्यात.

"आता लाय," म्हणाले.

मी बटण दाबलं. आणि धूम आला! अहो, आला म्हणजे काय, जमिनीतून आला! चटईखालून आला, मांडीतून वर चढला आणि इथं, बरगड्यांच्या मागे येऊन बसला. त्या काळ्या पडद्याला कणकेचं वजन आलं नि तो जो काय खोल घुमायला लागला! का, कसं, मला विचारू नका, कौस्तुभला विचारा, तो सांगतो बरोबर आहे म्हणून. काशीबाई पलीकडून ओरडली, "तोफ उडाली काय गो?" मी टाळ्या वाजवल्या, रुक्मिणीनं पदर डोळ्यांना लावला, आणि दाजी… दाजींचा चेहरा उतरला.

"थांबय," म्हणाले. "परत लाय."

परत लावलं. "परत." तीन वेळा. चौथ्यांदा मलाही ऐकू आलं, आणि मला तर काही कळत नाही! त्या अकरा मिनिटांत पखवाज एक नव्हता. दोन होते. एक वाजायचा, थांबायचा, दुसरा उत्तर द्यायचा. पहिला चपळ, हलका. दुसरा खोल, सावकाश, गोड. वाटाणे होते तोवर दोघेही वाटाणेच होते हो, धूम नव्हता तोवर सगळं एकाच माणसाचं वाटत होतं! दाजी कुणाशीच बोलल्यासारखं बोलले, "म्हणजे तेना हात टेकूक नव्हते."

झालं. चाळीस वर्षं सांगितलेली गोष्ट, बारशातली, लग्नातली, बाराव्यातली, चिमूटभर कणकेनं खोटी पाडली. मी सुधारायला गेलो बेस, आणि खोक्यातून बाहेर आला बाबली!

दोन दिवस दाजी जेवले नाहीत धड. सुरमईची कढी केली, बोट लावलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. म्हाताऱ्याकडे काय होतं दुसरं? एक गोष्ट होती. तीही मी दुकानातून हप्त्यानं यंत्र आणून मोडून टाकली. आणि त्या गडबडीत वूफरची कणीक काढायची राहिली, ती वाळली, काशीबाईच्या कोंबड्या घरात शिरल्या, त्यांनी टोचायला सुरुवात केली, रुक्मिणी केरसुणी घेऊन मागे, कोंबड्या शोकेसवर, बरणी खाली… ते एक वेगळंच. पडदा वाचला, बरणी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी म्हणाले, "बाबलीक हाड."

आता आणायचा तर बाबली जिवंत आहे की नाही इथपासून तयारी! दहा ठिकाणी फोन केल्यावर तारकर्लीत त्यांच्या सुनेचा, स्वप्नाचा नंबर मिळाला. मी म्हटलं, मी जामसंड्याच्या दाजींचा मुलगा. तर ती खुशीत येऊन काय म्हणते? "अगो बाई! म्हणजे कुणकेश्वराच्या डबलबारीत ज्यांनी हात टेकल्यानी ते दाजी? आमचे मामंजी रोज सांगतत! शेवटाची अकरा मिन्टां ते एकलेच वाजयत होते ना?" मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. तिकडे पण तीच गोष्ट! तेच बारसं, तेच बारावं!

माझा आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो घेऊन गेलो आणि बाबलीकाकांना पुढच्या सीटवर बसवून आणलं. एकोणऐंशी वय, अंगावर इस्त्रीचा सदरा, अख्ख्या वाटेत दोनच वाक्यं. एक, "दाजीच्या झिला, गाडी हळू." आणि दुसरं, "कान आसत रे तेचे?" मी म्हटलं, जाडा आवाज ऐकू येतो. म्हणाले, "माझा पण तसाच."

घरी आले. दाजी खुर्चीत, हे समोरच्या खुर्चीत, अगदी डबलबारीला बसावं तसे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. दाजी म्हणाले, "म्हातारो झालंस." बाबलीकाका म्हणाले, "तू खंय तरणो आसंस?" झाला चाळीस वर्षांचा समाचार! मग कणीक. ती लावायला दोघेही जमिनीवर. "सैल झाली." "घट्ट आसा." "पानी लाय." "पानी लायलंस तर मरात ती!" रुक्मिणीनं तीन वेळा पीठ मळलं. त्या दिवशी आमच्या घरी दुपारी भात झाला, चपातीचं पीठ सगळं वूफरला.

आणि मी बटण दाबलं. अकरा मिनिटं कुणी हललं नाही. चपळ पखवाज वाजला, खोल पखवाजानं उत्तर दिलं, परत तो, परत हा. माझं लक्ष वूफरकडे नव्हतंच, मी दोघांच्या तोंडांकडे बघत होतो. माझ्या मनात एकच, की देवा म्हाराजा, आता कुणाची गोष्ट खोटी पडणार? संपलं. बाबलीकाकांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. म्हणाले, "दाजी… तो खोल वाजता, तो तू. काय वाजयलंस रे! माका तेवाच कळला होता. घराकडे सांगूक नाय मी कोणाक."

दाजी म्हणाले, "खुळो झालंस काय? तो खोल तू. चपळ तो मी."

"मी? माझो हात इतको गोड कधी होतो?"

"माझो तरी कधी होतो? तुझोच तो!"

"तुझो!"

"तुझो म्हणतंय ना मी!"

अहो, भांडण! खरंखुरं भांडण! आवाज चढले, हातवारे झाले, काशीबाई धावत आली! चाळीस वर्षं 'मी, मी' म्हणणारे दोन म्हातारे आता 'तू, तू' म्हणून एकमेकांच्या अंगावर धावतायत! आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. दोघांनीही स्वतःला कधी समोरून ऐकलेलंच नाही. दोघांनी जन्मभर समोरून ऐकला तो समोरचाच. गोड वाजलं की दोघांनाही तोच आठवतो. मला, तुम्हाला सांगतो, इतकं भरून आलं की मी म्हटलं, जाऊ दे ना, दोघेही गोड वाजवत होतात, झालं! तर दोघेही एकदम माझ्यावर उलटले. "तुका काय कळता?"

मग दोघांनी माझ्या यंत्राकडे बोट दाखवलं. दाजी म्हणाले, "हेच्यात धूम कमी आसा म्हणान कळना नाय." बाबलीकाका म्हणाले, "बरोबर. अजून धूम होयो. मगे कळतला कोण तो." जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते कशावर? माझ्या मुळावर!

बाबलीकाका 'कळल्याशिवाय जावचंय नाय' म्हणून राहिले. आज बारा दिवस झाले. स्वप्नानं त्यांचे कपडे, औषधं आणि कवळीची डबी एसटीनं पाठवून दिली, वर फोनवर म्हणते, "रवांदेत हो, हय आमका पण जरा शांती." रोज सकाळी कणीक, रोज अकरा मिनिटं, रोज 'तुझो, तुझो', आणि मग दुपारी दोघे एकाच ताटातून खाल्ल्यासारखे जेवतात, दाजी दोन चपात्या जास्त खातात. अजयनं दुसरा वूफर सुचवलाय. कौस्तुभ म्हणतो, भिंत पाड. आणि मी? मी आज परत त्या दुकानात गेलो होतो. तो तेलकट केसांचा विक्रेता हसून विचारतो, "काय काका, वाढला का बेस?"

मी म्हटलं, बेस आहे तेवढाच आहे रे बाबा. घरात एक म्हातारा वाढला.